‘फ्रॉड झाला’ असं आपण का म्हणतो?

फसवणुकीसाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. टोपी घालणं, शेंडी लावणं, चुना लावणं, गंडा घालणं, मामा बनवणं, तोंडाला पानं पुसणं, गाजर दाखवणं, केसानं गळा कापणं... नुसती आठवायला बसलं तरी पानभर यादी होईल. तरीही मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या सहा-सात वर्षांत जी माणसं माझ्याकडे तक्रारअर्ज लिहून घ्यायला आली, त्यांतल्या एकाच्याही तोंडून यांतला एकही वाक्प्रचार मी ऐकलेला नाही. सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘‘माझ्याबरोबर फ्रॉड झालाय.’’

मी वकील नाही. बँकेत नोकरी केली, मराठी मसुदा बरा लिहितो आणि अक्षर वाचता येतं, एवढीच माझी पात्रता. पण शब्दांचा नाद जुना असल्यामुळे अर्जातली रक्कम आणि तारखा लिहिता लिहिता हे वाक्य मला खुपू लागलं. त्यात ‘फ्रॉड’ हे नाम इंग्रजी. ‘माझ्याबरोबर’ ही ठेवण हिंदीतल्या ‘मेरे साथ’वरून आलेली. मराठी उरतं ते फक्त ‘झालाय’. आणि हे ‘झालाय’च सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाऊस झाला, ताप झाला, उशीर झाला, तसा फ्रॉड झाला. कोणी केला, याला या वाक्यात जागाच नाही.

मराठीची स्वतःची रचना याबाबतीत दुहेरी आहे. ‘फसणे’ आणि ‘फसवणे’, ‘ठकणे’ आणि ‘ठकवणे’, ‘बुडणे’ आणि ‘बुडवणे’ अशा जोड्या आपल्याकडे आहेत. ‘त्यानं मला फसवलं’ म्हटलं की कर्ता समोर उभा राहतो. तो कोण, कुठला, काय म्हणाला, हे विचारावंच लागतं. ‘मी फसलो’ म्हटलं की कर्ता मीच होतो आणि दोषही माझ्याच पदरात पडतो. चिखलात पाय फसावा तसा मी फसलो, म्हणजे बघून चालायला हवं होतं. थोडक्यात, मराठी बोलणाऱ्याला निवड करावी लागते : एक तर समोरच्यावर बोट ठेवायचं, नाही तर स्वतःवर. ‘फ्रॉड झाला’ या वाक्यानं तिसरी वाट काढून दिली. त्यात बोट कोणावरच नाही.

यावर मातृभाषेच्या ऱ्हासाचं नेहमीचं रडगाणं गाता येईल. मला ते गायचं नाही, कारण लोक इंग्रजी शब्द का उचलतात याचं एक कारण मला या अर्जांमुळे कळलं, आणि ते मराठीला फारसं भूषणावह नाही. आपले बहुतेक वाक्प्रचार फसवणाऱ्याला सोडून फसलेल्याला हसतात. टोपी कोणाच्या डोक्यावर? शेंडी कोणाला? मामा कोण? चुना कोणाला लागला? प्रत्येक चित्रात हास्यास्पद दिसतो तो ज्याचं गेलं तो. ‘गंडा’ म्हणजे मंतरलेला दोरा. तो बांधून घेणारा भोळसट, आणि बांधणारा? त्याच्याबद्दल त्या शब्दात नकळत थोडं कौतुकच आहे. यादीतला ‘केसानं गळा कापणे’ हा एकच वाक्प्रचार असा, की तो ऐकून कोणी हसणार नाही.

एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. निवृत्तीच्या पैशांतला मोठा हिस्सा गेला होता. त्यांच्या सख्ख्या भावानं ऐकल्याबरोबर विचारलं होतं, ‘‘म्हणजे तुला टोपी घातली?’’ भाऊ वाईट नव्हता. त्याच्या तोंडात भाषेनं ठेवलेला शब्द होता तो. पण त्यानंतर तीन आठवडे बाईंनी हा विषय कोणाकडे काढला नाही, आणि अशा प्रकरणांत तीन आठवडे म्हणजे सगळं संपल्यासारखंच. माझ्यासमोर त्या ‘फ्रॉड’ म्हणाल्या. त्या शब्दाला हसू चिकटलेलं नाही. ‘फ्रॅक्चर’ म्हणावं इतका तो कोरडा आहे.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. फसवणाऱ्यासाठी आपले जे शब्द आहेत, त्यांतले काही मुळात माणसांच्या समूहांची नावं आहेत. ‘भामटा’ आणि ‘उचल्या’ हे शब्द आपण वर्तमानपत्राच्या मथळ्यात सर्रास वापरतो. ज्या जमातींची ही नावं, त्यांच्यावर इंग्रज सरकारनं १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली रद्द झाला. शब्द मथळ्यात राहिले. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक वाचलेल्या माणसाला ‘उचल्यांचा सुळसुळाट’ असा मथळा पूर्वीसारखा सहज वाचता येऊ नये. इंग्रजीही धुतल्या तांदळाची नाही. तिथे ‘जिप’ हे फसवण्याचं क्रियापद जिप्सींच्या नावावरून आलेलं आहे. पण तो शब्द आपल्याकडे आला नाही. जो ‘फ्रॉड’ आला, त्याला निदान जात नाही.

जे इंग्रजी शब्द आपण घेतले, त्यांचा मूळचा इतिहास पाहिला तर करमणूक होते, आणि मधूनच आपलीच माणसं भेटतात. ‘चीट’ हा शब्द ‘एस्चीट’पासून आला. सरंजामी इंग्लंडमध्ये जमीनधारक निर्वारस मेला की त्याची जमीन राजाकडे जाई. त्या हक्काला ‘एस्चीट’ म्हणत. वसुलीसाठी नेमलेले अधिकारी इतक्या लांड्यालबाड्या करत, की हक्काच्या नावाचं शेपूट तुटून फसवणुकीचा शब्द तयार झाला. निर्वारस ठरवून राज्य घशात घालण्याची कल्पना मराठी माणसाला समजावून सांगायला नको. १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर डलहौसीनं दत्तक नामंजूर करून खालसा केलं, ते याच जातकुळीच्या हक्कानं. ‘चीट’ हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडी क्रिकेटबरोबर आला, पण त्याच्या पणजोबाशी आपली ओळख त्याआधीची आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६मध्ये हा पणजोबा अजून आहे. बेवारस मालमत्ता सरकारजमा होते ती त्याच्याच नावानं.

याच्या शेजारी उभा असलेला ‘चिट’ मात्र वेगळा. चिटफंड बुडाल्याची बातमी आली की उपनगरात हमखास कोणी तरी म्हणतं, ‘‘नावातच चीट आहे!’’ तसं नाही. हा ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठी. इंग्रजांनी ती इथून नेली, ‘चिट’ केली आणि परत पाठवली. चिटफंड हा १९८२च्या केंद्रीय कायद्याखाली चालणारा रीतसर व्यवहार आहे. घाटकोपरच्या सोसायट्यांतली बायकांची भिशी ही त्याचीच घरगुती चुलत बहीण. अर्थात, नावाच्या निर्दोषपणावर कोणी पैसे ठेवू नयेत.

‘ठग’ हा उलट दिशेचा प्रवासी. तो इथून तिकडे गेला. स्लीमनच्या मोहिमा आणि १८३९ साली आलेली मेडोज टेलरची कादंबरी यांनी तो इंग्रजीत रुजवला, पण तिथे गेल्यावर त्याचा स्वभाव बदलला. इंग्रजी ‘थग’ म्हणजे आज सरळ गुंड, हाणामारी करणारा. मराठी ठग अजून गोड बोलून लुबाडतो. तिकडून आलेल्यांत ‘बोगस’नं आपल्याकडे जितकं बस्तान बसवलं, तितकं अमेरिकेतही क्वचितच बसवलं असेल. १८२७च्या सुमारास ओहायोत खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला ‘बोगस’ म्हणत. आज बोगस मतदार, बोगस डॉक्टर, बोगस बियाणं हे शब्द इंग्रजीचं अक्षरही न आलेला शेतकरी वापरतो. ‘कॉन’ हा ‘कॉन्फिडन्स’चा तुकडा. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा एक सुटाबुटातला माणूस अनोळखी लोकांशी गप्पा मारून विचारी, की तुमचा माझ्यावर उद्यापर्यंत घड्याळ ठेवायला देण्याइतका विश्वास आहे का? लोक घड्याळ देत. या शब्दाच्या पोटात ‘विश्वास’ आहे हे लक्षात घेण्यासारखं. आपल्या ‘विश्वासघाता’च्या सगळ्यात जवळचा इंग्रजी शब्द हाच, आणि नेमका तोच आपण उचलला नाही.

या सगळ्यांत मराठीशी कायद्यानं जोडला गेलेला शब्द म्हणजे ‘चीटिंग’. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ साली मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ४१५व्या कलमात ‘चीटिंग’ची व्याख्या होती आणि ४२०व्या कलमात, फसवून मालमत्ता द्यायला लावल्याबद्दल, सात वर्षांपर्यंतची शिक्षा. अधिकृत मराठी अनुवादात ‘चीटिंग’साठी ‘फसवणूक’ नाही, ‘ठकवणूक’ आहे. हा शब्द रस्त्यावर कोणी वापरत नाही, पण मला तो आवडतो. ‘फसवणूक’ हवामानखात्याकडूनही होते. ठकवणुकीला ठक लागतोच. ‘डिसऑनेस्टली’साठी ‘अप्रामाणिकपणे’, ‘फ्रॉड्युलंटली’साठी ‘कपटपूर्वक’. गंमत अशी की ज्या ‘फ्रॉड’वर आपण एवढे विसंबतो, त्याची व्याख्या करताना दंडसंहितेनं हात टेकले होते. २५व्या कलमाचा आशय इतकाच : जो कपट करण्याच्या उद्देशानं कृती करतो तो कपटपूर्वक करतो, एरवी नाही. गोल फिरून जागच्या जागी. नव्या संहितेतही ती व्याख्या जवळजवळ तशीच उतरली आहे.

कायद्याचा आकडा लोकांनी शब्दापेक्षा आधी उचलला. ‘चारसोबीस’ हे विशेषण झालं, नाम झालं, शिवी झाली. चेंबूरच्या आर. के. फिल्म्सनं १९५५ साली ‘श्री ४२०’ काढला, तेव्हा आकडा समजावून सांगायची गरज नव्हती. त्या चित्रपटातली फसवणूक कसली होती हे मात्र विसरलं जातं : शंभर रुपयांत गरिबांना पक्कं घर देण्याची योजना. मुंबईत फसवणुकीच्या कथेला घरच लागतं, हे तेव्हाच ओळखलं गेलं होतं. कलमाचा आकडा असा लोकभाषेत शिरल्याचं दुसरं ठळक उदाहरण नायजेरियातलं आहे. तिथे भामटेगिरीला ‘फोर-वन-नाइन’ म्हणतात, तिथल्या संहितेच्या ४१९व्या कलमावरून. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ४२०चं ३१८ झालं, त्यातही पोटकलम ४. ‘तीनशे अठरा’ अशी शिवी पुढे कोणी देईल असं वाटत नाही. चारसोबीस आता कायद्यात नाही, फक्त भाषेत आहे. (लिहिता लिहिता ‘भामटेगिरी’ हा शब्द माझ्याही लेखणीतून उतरलाच. राहू दे, पुरावा म्हणून.)

पण अर्ज लिहिणाऱ्याला खरी अडचण येते ती ‘ठकवणूक’ कुठे सुरू होते यावरून. सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे की दिलेला शब्द न पाळणं म्हणजे ठकवणूक नव्हे. शब्द देतानाच तो न पाळण्याचा अप्रामाणिक उद्देश असला पाहिजे. नुसता करार मोडला असेल तर प्रकरण दिवाणी. पोलिस ठाण्यात याला ‘सिव्हिल मॅटर आहे काका’ असं म्हणतात, आणि हे चार शब्द ऐकून किती जण परत फिरले असतील याची मोजदाद नाही. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडतो, भाडं थांबतं, विकासकाचं कार्यालय एके दिवशी बंद दिसतं, तेव्हा रहिवासी म्हणतात ‘बिल्डरनं चीटिंग केलं’. मुलांच्या खेळात रडीचा डाव खेळणाऱ्याला जे म्हणतात तेच. पण कायद्याच्या ‘चीटिंग’ला विचारायचं असतं : सही घेतानाच त्याच्या मनात काय होतं?

गोरेगावच्या सिद्धार्थनगरमधली पत्राचाळ हे याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. ६७२ भाडेकरू, २००८ साली त्यांची सोसायटी, म्हाडा आणि विकासक कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, चाळ रिकामी झाली, काही वर्षांनी भाडं थांबलं. विकासक कंपनी एचडीआयएल समूहातली. आरोप असा की भाडेकरूंची घरं न बांधताच तिथलं चटईक्षेत्र इतर बांधकाम व्यावसायिकांना विकलं गेलं. २०१८ साली गुन्हा नोंदला गेला. म्हणजे करारापासून दहा वर्षांनी प्रकरणानं दिवाणीचा उंबरा ओलांडला. दहा वर्षांहून अधिक काळ भाड्याच्या घरांत काढलेल्या त्या माणसांना कोणता शब्द वापरायचा हे शिकवण्याची हिंमत मला होणार नाही. पण हा काळ ज्या प्रश्नाभोवती गेला, तो शेवटी एका क्रियापदाचाच प्रश्न होता : घरं ‘राहिली’ की ‘ठेवली’?

त्याच समूहाचं नाव २०१९ साली पुन्हा आलं. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब ॲण्ड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं २३ सप्टेंबरला निर्बंध घातले. खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येणार होते. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढली. तपासात बाहेर आलं ते असं, की एचडीआयएल समूहाची थकलेली कर्जं २१ हजारांहून अधिक काल्पनिक खात्यांआड लपवली होती. भांडुप-मुलुंडच्या कितीतरी सोसायट्यांची आणि निवृत्तांची खाती त्या बँकेत. त्या दिवसांत बँकेबाहेरच्या गर्दीत मी उभा राहिलो आहे. सगळीकडे एकच वाक्य होतं : ‘बँक बुडाली’. जहाज बुडावं तशी. ‘बुडवली’ म्हणायला लोकांना आठवडाभर लागला. तेही वर्तमानपत्रांत नावं छापून आल्यावर. ‘बुडाली’पासून ‘बुडवली’पर्यंतचं अंतर म्हणजे एक ‘व’, आणि त्या ‘व’त सगळा फौजदारी कायदा मावतो. २०२२च्या जानेवारीत ती बँक एका लघुवित्त बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी परत मिळण्याचं वेळापत्रक दहा वर्षांपर्यंतचं आहे. सत्तरीतल्या ठेवीदाराला दहा वर्षं हा आकडा कसा वाटत असेल, ते त्यालाच विचारावं.

इथे ‘घोटाळा’ या शब्दाबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत. एप्रिल १९९२मध्ये सुचेता दलाल यांच्या बातमीनं हर्षद मेहता प्रकरण फुटलं आणि अमेरिकन बोलीतला ‘स्कॅम’ हा शब्द मुंबईच्या इंग्रजीत कायमचा आला. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘घोटाळा’ केलं. पण घोटाळा म्हणजे मुळात गोंधळ, गफलत. ‘माझा तारखेचा घोटाळा झाला’ असं आपण आजही निष्पापपणे म्हणतो. आरोपी न्यायालयात जे म्हणत असतो – हेतू नव्हता, हिशेबाचा गोंधळ झाला – नेमकं तेच आपला सर्वांत मोठा मथळा त्याच्या वतीनं बोलून बसतो. याउलट ‘अफरातफर’. मूळ अरबी जोडशब्दाचा अर्थ अतिरेक आणि उणेपणा. हिंदीत ‘अफरातफरी’ म्हणजे नुसती पळापळ. मराठीनं मात्र त्याला पैसे खाण्याचा नेमका अर्थ दिला. हिशेबात कुठे जास्त, कुठे कमी, आणि मधला फरक कोणाच्या तरी खिशात. इतका अचूक शब्द घरात असताना आपण गोंधळाला पुरस्कार दिला.

आता फोनवरच्या फसवणुकीकडे येतो, कारण आज माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक अर्ज तिचेच असतात. बोरिवली, दहिसर ओलांडलं की मीरा रोड. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणींची चौकशी झाली, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. ही मुलं अमेरिकी नावं घेऊन, अमेरिकी उच्चार गिरवून, समोर ठेवलेल्या संहितेबरहुकूम तिकडच्या लोकांना फोन करत : आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, अटकेचं वॉरंट निघालंय, फोन ठेवू नका. घाबरलेला माणूस फोन कानाला लावूनच दुकानात जाई, गिफ्ट कार्ड विकत घेई आणि त्यावरचे आकडे वाचून दाखवी. आपल्या उपनगरांत स्पोकन इंग्लिशच्या शिकवण्यांना ज्या आशेनं मुलं जातात, त्या आशेचं हे एक टोक. त्यांना शिकवलेल्या इंग्रजीत आवाज वर कुठे न्यायचा आणि ‘सर’ कधी म्हणायचं हेही ठरलेलं होतं.

काही वर्षांत तीच संहिता हिंदी-मराठीत उतरून आपल्याकडे वळली. आयकर खात्याच्या जागी सीबीआय, ईडी, मुंबई पोलिस. गिफ्ट कार्डाच्या जागी बँक ट्रान्स्फर. फोनच्या जागी व्हिडिओ कॉल, मागे खोटा शिक्का आणि खोटी खुर्ची. ‘फोन ठेवू नका’ मात्र तसंच. याला नाव पडलं ‘डिजिटल अरेस्ट’. या नावावर माझा राग आहे. ते फसवणाऱ्यांनीच त्यांच्या नाटकासाठी बनवलं; बातम्यांनी उचललं; आता ज्याचे पैसे गेले तोही ‘मला दोन दिवस डिजिटल अरेस्ट केलं होतं’ म्हणतो. असं म्हणताना तो त्या खोट्या पोलिसाला अटकेचा अधिकार बहाल करतो. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, हे ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये सांगितलं. वर्तमानपत्रांत ‘डिजिटल अटक’ असा मराठी अवतार दिसतो, तो तर आणखी वाईट. भाषांतर झालं की शब्द सरकारी वाटायला लागतो.

इथे मराठीकडे एक शब्द आहे आणि तो नेमका आहे : तोतया. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत आहेत असं मानणारे पुष्कळ होते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्याच विश्वासावर सौभाग्यलेणं लेवून राहिल्या. मग एक माणूस ‘मीच भाऊसाहेब’ म्हणत उभा राहिला. कोकणात त्याला सैन्य मिळालं, किल्ले मिळाले, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिलं. कायद्याच्या मराठीत ‘चीटिंग बाय पर्सनेशन’ला ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असंच म्हटलेलं आहे. संगणक किंवा फोन वापरून ती केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड हे कलमही लागतं. या शब्दात अटक नाही, अधिकार नाही, आहे तो फक्त वेष घेतलेला माणूस. म्हणून अर्जात मी ‘एका तोतया पोलिसानं मला फोन केला’ असं लिहितो. पुष्कळांना ते आवडत नाही. ‘‘नाटकातलं वाटतं हो, फेक पोलीस लिहा,’’ म्हणतात. मी ‘फेक पोलीस’ लिहितो. कर्ता मिळाला ना, मग विशेषण कोणत्या का गावचं असेना.

कर्त्यावर मी एवढा अडून बसतो याला कारण आहे. १९३० या क्रमांकावर फोन केला की तिथला माणूस ‘फ्रॉड’ची व्याख्या विचारत नाही. तो विचारतो : कोणत्या खात्यातून, कोणत्या खात्यात, किती, किती वाजता. पैसे पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत फुटून जातात आणि रोख काढले जातात. मधेच खातं गोठवलं गेलं तर उरलेलं वाचतं. ‘झालं’ या क्रियापदात पहिला तास जातो. ‘त्यानं सांगितलं आणि मी पाठवले’ या वाक्यात खातं क्रमांक आपोआप येतो.

ज्या खात्यांतून हे पैसे फिरतात, ती बहुतेकदा फसवणाऱ्याची नसतातच. ती भाड्यानं घेतलेली असतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाची, नोकरी गेलेल्या डिलिव्हरीवाल्याची, थोड्या हजारांच्या बदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड देऊन टाकलेल्या कोणाची तरी. पोलिसांत याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात, म्हणजे खेचर. पोलिस सगळ्यात आधी पोहोचतात ते त्याच्याच दारात, कारण कागदावर नाव त्याचं असतं. मागच्या वर्षी अशा एका मुलाचे वडील माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले, मुलगा बरोबर होता. माझा निर्दोषपणा लिहून द्या, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, ‘‘मी काही नाही केलं, काका. माझं अकाउंट यूज झालं.’’